यासीनभाईंची अकरावी वही

१

मंगळवारी सकाळी साडेसहाला यासीन होडेकर असे किंचाळले की मोहल्ल्यातल्या कोंबड्यांनी त्या दिवशीची अंडी दुसऱ्या दिवसावर ढकलली.

"आपा! आपा गो! वही गेली!"

शेजारच्या दारात चहा गाळणाऱ्या कनीजआपांनी गाळणं तसंच धरलं. धाकट्या भावाचा हा आवाज त्यांनी आयुष्यात एकदाच ऐकला होता, त्याच्या लग्नात काझीसाहेबांनी 'कबूल है?' विचारलं तेव्हा. त्या डोक्यावर ओढणी घेत पडवीत पोचल्या.

कनीजआपा म्हणजे रत्नागिरीच्या टपालात छत्तीस वर्षं पत्रं वेगळी करणारी बाई. 'आमच्या बाबांना, लांजा, एस.टी. स्टँडच्या मागे, घरात कुत्रा आहे' एवढ्या पत्त्यावर त्यांनी पाकीट बरोबर बाबांच्या हातात पोचवलं होतं. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, पण खारभाटी गावात कुणाचं काही हरवलं की लोक अजून आधी त्यांच्या दारात यायचे आणि मग पोलिसांचा विचार करायचे. विचारच करायचे, जायचे नाहीत.

पडवीत पत्र्याची पेटी उघडी होती. आत दहा वह्या. शेजारी दुर्बीण, भारीतली, जर्मन.

"दुर्बीण आहे की रे."

"दुर्बिणीला कोण विचारतोय? अकरावी वही गेली! जून ते मार्चची!"

यासीनभाईंनी आखातात टगबोटीवर तीस वर्षं लॉगबुक लिहिलं होतं. गावी परतल्यावर बोट नव्हती, पण हाताची सवय जाईना. मग ते पाखरं लिहायला लागले. तारीख, वेळ, कोण, कुठे, काय केलं. एक शब्द जास्तीचा नाही. सात वर्षांत दहा वह्या भरल्या, अकरावी भरत आली होती.

"नवी लिही," आपा म्हणाल्या.

"नवी कुठून लिहू? परवा गुरुवारी सभा!"

आता आपांच्या लक्षात आलं आणि चहाचं गाळणं त्यांनी खाली ठेवलं. गावाच्या सड्यावर, त्या उघड्या कातळावर, उपसरपंच गुरुप्रसाद 'सनसेट सेल्फी पॉइंट' काढणार होता. गाड्या लावायला जागा म्हणून कडेची करवंदीची जाळी तोडायची. त्या जाळीत नवरंग नावाचं पाखरू दर जूनमध्ये येतं, हे यासीनभाईंनी अर्जात लिहून दिलं होतं. तालुक्याच्या मॅडम म्हणाल्या होत्या, येतं हे खरं, पण घरटं करतं का? घरट्याची मूळ नोंद दाखवा, तारीख-वेळेसकट. नाहीतर शुक्रवारी जेसीबी.

आणि आता मार्च. नवरंग कुठल्या मुलखात होता ते त्यालाच ठाऊक. घरटं गेल्या पावसात वाहून गेलेलं. यासीनभाईंचा फोन बटणांचा, त्यात फोटो निघायचा नाही. चौदा जूनचं ते एक पान, तेवढाच पुरावा. गुरुवारसाठी त्यांनी त्या पानात सुतळीसुद्धा घालून ठेवली होती.

"शेवटची कधी बघितलीस?"

"काल सकाळी आठला लिहिली. मग दिवसभर इथेच, पेटीवर. आज बघतो तर नाय."

"काल कोण कोण आलेलं?"

यासीनभाईंनी तीन बोटं वर केली. "गुरुप्रसाद, अर्ज मागे घे म्हणायला. अस्लम, दुर्बीण मागायला. आणि बाबल्या कोतवाल, सभेची नोटीस घेऊन."

"तिघांनाही एकटं सोडलंस?"

"गुरुप्रसादसाठी सरबत आणायला गेलो. अस्लम बसलेला तेव्हा मोटार बंद करायला गेलो. आणि नोटिशीवर सही करायला चष्मा शोधायला गेलो, त्याला पाव तास लागला."

"कुठे होता चष्मा?"

"डोक्यावर," यासीनभाई म्हणाले.

२

आपा आधी गुरुप्रसादकडे गेल्या, कारण चोरी करण्याचं सगळ्यात चांगलं कारण त्याच्याकडे होतं आणि नाश्ताही त्याच्याकडेच बरा असायचा.

"या या, कनीजआपा! लोक म्हणतात मी निसर्गाच्या विरुद्ध. अवो, मी तर निसर्गप्रेमी! सेल्फीच्या मागे निसर्गच दिसणार ना?"

"यासीनची वही चोरीला गेली."

गुरुप्रसादचा चेहरा दिव्याच्या माळेसारखा पेटला. "अरे वा!" म्हणाला, आणि मग जीभ चावली. "म्हणजे, अरेरे! कधी? सगळी गेली? ते पान पण? अरेरे, अरेरे!"

आपा त्याच्याकडे बघत राहिल्या. तो हसू दाबायला पोहे खायला लागला आणि त्याला ठसका लागला. पण ठसका लागत असतानाही त्याची नजर सारखी परसातल्या गोठ्याकडे जात होती. गोठ्याच्या दाराला नवंकोरं कुलूप.

"गाई विकून दोन वर्षं झाली ना रे? मग कुलूप कशाला?"

"कडबा आहे."

"कडब्याला कुलूप?"

"महाग झालाय."

आपांनी हात पुढे केला. त्या हातात एकेकाळी गावातली प्रत्येक मनिऑर्डर, प्रत्येक राखी आणि गुरुप्रसादने कॉलेजात असताना चुकीच्या मुलीला पाठवलेलं पत्र येऊन गेलं होतं. त्याने निमूट किल्ली दिली.

गोठा उघडला. आत ताडपत्रीखाली काहीतरी प्रचंड, गोल, माणसापेक्षा उंच. आपांनी ताडपत्री ओढली आणि दोन पावलं मागे सरल्या.

"या अल्ला. हे काय?"

"हापूस," गुरुप्रसाद रडवेला होऊन म्हणाला. "फायबरचा. सेल्फीसाठी. पेंटरला बोललो, देठापाशी जरा लाली मार. त्याने अख्खा जांभळा केला."

"गुरुप्रसाद, हे वांगं आहे."

"देठ पिवळा केला तर?"

"तर पिवळ्या देठाचं वांगं होईल."

"कुणाला सांगू नका आपा, पाया पडतो!"

आपांनी ताडपत्री परत घातली. गोठ्यात दुसरं काही नव्हतं. पण त्यांना गोठा बघायची खरं तर गरजच नव्हती. वही गेल्याचं ऐकून ज्याला एवढा आनंद झाला, त्याला ते आधी ठाऊक नव्हतं. चोराला बातमी नवीन नसते.

म्हणजे उरले दोन.

३

अस्लम कुवेतहून सुट्टीवर आला तो येताना हातभर लांब लेन्सचा कॅमेरा घेऊन. चार महिन्यांत त्याने नऊ हजार फोटो काढले, त्यातले साडेआठ हजार पानांचे, कारण त्याने बटण दाबेपर्यंत पाखरू गेलेलं असायचं. आपा पोचल्या तेव्हा तो पायाला हळद लावून ओट्यावर बसला होता.

"काय झालं रे पायाला?"

"बोका चावला."

"घरचा?"

"नाय ओ. सड्यावरचा." अस्लमने चार दिशांना बघितलं. "आपा, कुणाला बोलू नका. मी पहाटे जाळीत गेलेलो. मोबाइलवर नवरंगाची शीळ डाउनलोड केली, स्पीकर लावला, वर पानांची टोपी घालून झोपून राहिलो. दोन तास. मग जाळी हलली. मी म्हटलं, आला! कॅमेरा लावला. तर बोका. त्याला वाटलं, एवढं ओरडणारं पाखरू म्हणजे लंगडंच असणार. मला बघून चिडला."

"यासीनवर तुझा राग आहे म्हणतात."

"आहेच!" अस्लम उसळला. "गेल्या साली घरटं मिळालं, चाचा मला बोलले नाहीत! मी कुवेतहून फोन करून विचारलं, तर म्हणतात, रेंज नाय! घरटं कुठल्या बाजूला, कधी, काय, काही नाही. म्हणतात गर्दी झाली की पाखरू पळतं. मी काय गर्दी? मी एकटा माणूस!"

"तू, कॅमेरा, स्पीकर आणि बोका," आपा म्हणाल्या.

"वही मिळाली असती ना आपा, तर मी वाचून परत ठेवली असती. खरंच. पण मिळाली नाय."

आपांनी त्याच्या पायाकडे बघितलं, मग कॅलेंडरकडे. ज्याने ती वही एकदा उघडली असती, त्याला पहिल्याच ओळीत 'जून' दिसला असता. मार्चमध्ये पानांची टोपी घालून नवरंगाची वाट बघत झोपणारा माणूस वाचक नव्हता. तो निव्वळ आशावादी होता.

"डॉक्टरकडे जा, सुई घे," आपा उठता उठता म्हणाल्या. "हळदीने बोका उतरत नाय."

राहिला एक. पण त्या एकाकडे वही चोरायला कारणच नव्हतं. बाबल्याला पाखरांत रस नव्हता, सड्यावर त्याचा प्लॉट नव्हता, आणि यासीनभाईंशी त्याचं कधी वाजलंही नव्हतं.

४

बाबल्या हा तलाठी ऑफिसचा कोतवाल. कागदोपत्री त्या पदाला आता दुसरं भारदस्त नाव आलं होतं, पण गावाच्या तोंडात कोतवालच. नोटिसा पोचवायच्या, दवंडी द्यायची आणि उरलेल्या वेळात दादूच्या चहाच्या टपरीवर बसायचं. वय बेचाळीस, लग्न नाही, आणि तीन गोष्टींसाठी पंचक्रोशीत नाव. एक, समोरच्याच्या बशीतली भजी तो अशी उचलायचा की समोरचा मोजत बसायचा. दोन, तलाठी, सरपंच, एस.टी.चा कंडक्टर, कुणाचाही आवाज हुबेहूब काढायचा. तीन, त्याचा शर्ट. मागून मधोमध फाटलेला, दोन टोकं लोंबणारी, वर्षानुवर्षं तोच.

त्या दिवशी दुपारी आपा टपरीवर पोचल्या तर बाबल्या कोपऱ्यात एकटा. शर्ट पँटीत खोचलेला. कंबरेला पट्टा.

"काय रे बाबल्या, कुणाचं लग्न?"

"लग्न? कुणी सांगितलं लग्न?" तो दचकून उभाच राहिला. "माणसाने जरा नीट राहू नये काय?"

आपांनी भज्यांची बशी मागवली आणि मुद्दाम त्याच्या बाजूला सरकवली. गरम, कुरकुरीत, कांद्याची. बाबल्याचा हात निघाला, अर्ध्या वाटेत थांबला आणि परत मांडीखाली गेला.

"नको. दुसऱ्याच्या बशीतलं मी खात नाय."

दादूच्या हातातली किटली कलंडून चहा थेट चुलीत गेला.

"रविवारपर्यंत खायचा!" दादू म्हणाला. "कनीजआपा, हा सोमवारपासून असाच. काल पोरं बोलली, बाबल्या, तलाठीसाहेबांचा आवाज काढ. तर म्हणतो, मला माझा स्वतःचा आवाज आहे. आजारी वाटतोय."

"यासीनची वही हरवली, ऐकलंस?" आपांनी विचारलं.

"मी कशाला बघू वही?" बाबल्याने चहा एका घोटात संपवला. तोंड भाजलं, पण त्याने ते दाखवलं नाही. "आणि हरवली तर बरंच झालं. दिवसभर लोकांच्या परसात दुर्बीण लावून बसायचं, ही काय रीत झाली?"

तो तरातरा निघून गेला. जाताना आपांना त्याच्या शर्टाची बटणं दिसली. सहा बटणं, सहा रंगांच्या दोऱ्यांनी शिवलेली. लाल, हिरवा, निळा, पिवळा, गुलाबी, आणि एक जरीचा.

जरीच्या दोऱ्याने शर्टाचं बटण कोण शिवतं? ज्याच्याकडे साड्यांच्या काठांचं काम असतं तोच. खारभाटीत शिवणाचं मशीन एकच होतं, विमलाचं. नवऱ्यामागे एकटी राहणारी विमला टेलरिंग करायची, आणि गाव तिला लाडाने शिंपीणबाई म्हणायचं.

आपा थेट तिच्याकडे गेल्या, फाटक्या उशीचा अभ्रा घेऊन.

"बाबल्याची बटणं तू लावतेस?"

विमलाने मशीन इतकं जोरात चालवलं की सुई तुटली. "मी कशाला लावू? रोज सकाळी सातला येतो, परसातल्या दगडी गडग्यावर बसतो. म्हणतो, बटण सैल झालं. लावलं की बसून राहतो. बोलत काही नाय. मी खेकसले की पळतो. तीन वर्षं चाललंय." तिने नवी सुई काढली. "आणि आज आला नाय मेला. नाय आला तर नाय आला. मला काय."

सुईत दोरा ओवायला तिला चार वेळा प्रयत्न करावा लागला.

५

संध्याकाळी आपा भावाच्या पडवीत बसल्या. डोक्यात सगळं होतं, पण जुळत नव्हतं. माणूस चोरी करून बिघडतो हे त्यांनी बघितलं होतं. हा चोरी करून सुधारला होता.

"यासीन, जुनी वही दे बघू एक. आत काय असतं ते तरी कळू दे."

सात वर्षांत आपांनी एकही वही उघडली नव्हती. पाखरांच्या भानगडीत मला नाय पडायचं, असं त्या म्हणायच्या. आता त्यांनी दहावी वही मधेच उघडली, आणि चौथ्या ओळीला त्यांचे डोळे मोठे झाले.

"यासीन! लाज नाय वाटत? सोलकरांच्या सात भावांचं भांडण वहीत लिहिलंस?"

"कुठलं भांडण?"

"हे काय! 'सातभाई विहिरीपाशी. नेहमीसारखं भांडण. एकमेकांच्या अंगावर धावून गेले. पाच मिनिटांनी सगळे एकाच फांदीवर खेटून बसले.'" आपा थांबल्या. "फांदीवर? सोलकर ह्या वयात फांदीवर?"

यासीनभाई इतके हसले की त्यांचा चष्मा खाली पडला. "आपा, सातभाई हे पाखरू आहे! सात-सातच्या टोळीने फिरतं म्हणून सातभाई. आणि हे बघ, 'खाटकाने टोळ काट्यावर टांगला.' तो पण पाखरूच. परीट, सुतार, सगळी पाखरंच!"

"मग पाखरू असं लिही ना!"

"लॉगबुकात 'पाणी ओलं आहे' असं लिहितात काय? पाखरांच्याच वहीत पाखरू कशाला लिहायचं? मी सगळी पुस्तकी नावं घातली. दर्शनाने पुस्तक दिलं ना, त्यातली." दर्शना म्हणजे गावची ग्रामसेविका.

आपा हसत नव्हत्या. त्यांनी वही मिटली आणि मांडीवर ठेवली. टपालातसुद्धा असंच व्हायचं. नाव एकाचं, पाकीट दुसऱ्याच्या दारात, आणि दुसरा ते आपलंच समजून फोडायचा.

"यासीन," त्या हळूच म्हणाल्या, "कोतवाल नावाचं पाखरू असतं काय रे?"

"असतं की! आपण ज्याला कोळसा म्हणतो तो. काळाकुट्ट. तारेवर, गडग्यावर बसतो. आवाज काढतो दुसऱ्यांचे. भारी चावट, दुसऱ्या पाखराच्या तोंडातला किडा पळवतो."

"आणि शेपटी?"

"मागे दुभंगलेली. दोन टोकं लोंबतात."

आपा उठल्या आणि चपला शोधायला लागल्या.

"चौदा जूनच्या पानामागे काय लिहिलं होतंस, आठवतं?"

यासीनभाईंनी डोकं खाजवलं. "पंधरा जून. त्या दिवशी मी विमलाच्या परसामागे होतो. तिथे शिंप्याच्या जोडीचं घरटं, पानं शिवून करतात ते..." आणि मग त्यांचा हात डोक्यावरच थांबला. "या अल्ला. आपा!"

६

बाबल्याने दार उघडलं तेव्हा आपा उंबऱ्यावरच बसल्या, म्हणजे त्याला पळायला वाट उरली नाही.

"सोमवारी यासीन चष्मा शोधायला गेला. सुतळीचं पान होतं, तू सहज उघडलंस. आणि आजूबाजूच्या पानांवर तुला काय दिसलं ते मी सांगू? 'कोतवाल दुसऱ्याच्या तोंडचं पळवतो.' म्हणून तू भजी सोडलीस. 'कोतवाल सगळ्यांचे आवाज काढतो.' म्हणून मुका झालास. 'शेपटी मागे फाटलेली.' म्हणून शर्ट खोचलास. आणि सुतळीच्या पानामागे शिंपीण होती. यासीनच्या पावलांचा आवाज आला, पान फाडायला वेळ नव्हता, अख्खी वही नोटिशींच्या पिशवीत टाकलीस."

बाबल्या भिंतीला टेकला आणि खाली सरकत सरकत बसला.

"मला काही पण बोला, आपा. शेपटी बोलले, ते पण सोडलं. पण गुरुवारी तो कागद सभेत वाचणार होते! तालुक्याच्या मॅडमसमोर! ती बिचारी एकटी बाई, कुणाच्या अध्यात ना मध्यात. गाव तिला सोडील काय? म्हणून घेतली. माझ्यासाठी नाय."

"बाबल्या," आपा म्हणाल्या, "कोतवाल हे पाखरू आहे."

"कोण?"

"कोळसा. पुस्तकात त्याला कोतवाल म्हणतात. आणि शिंपीण पण पाखरूच, पानं शिवतं. यासीनला दुर्बिणीतून पाखरांखेरीज काही दिसत नाय, तुझ्या गडग्याचा त्याला पत्ताच नाय."

बाबल्याने मान वर केली. त्याच्या तोंडावरून आधी सुटका गेली, मग लाज, मग काहीतरी तिसरंच.

"म्हणजे कुणालाच माहीत नव्हतं?"

"कुणालाच नाय. मला पण तू वही चोरलीस म्हणूनच कळलं."

त्याने तांदळाच्या डब्यातून वही काढली. झटकून, पुसून दिली. पण सुतळीच्या जागी पान नव्हतं. कडेला नुसती फाटलेली दातरी.

"पान कुठाय?"

बाबल्याने खिशात हात घातला आणि तो तसाच ठेवला. "आपा, तुम्हाला कळलं ते पाखरू आहे. यासीनभाईंना कळलं. पण सभेत दोनशे माणसं. मागची बाजू कुणी वाचली तर? त्यांना पाखरू कोण समजावणार? मी हसण्यावारी नेईन. तिचं काय?"

आपांनी कपाळाला हात लावला नाही, रागावल्या नाहीत. टपालात त्यांनी कुणाचं पाकीट कधी उघडलं नव्हतं, आणि कुणाच्या खिशातही हात घातला नव्हता.

"जाळी शुक्रवारी तुटेल," एवढंच त्या म्हणाल्या. "पान तुझ्याकडे आहे. सभा अकराला."

७

गुरुवारी पंचायतीच्या हॉलमध्ये पंखे दोन आणि माणसं दोनशे. मॅडम मधोमध, बाजूला दर्शना कागद-पेन घेऊन, कारण सभेत बोललेला प्रत्येक शब्द लिहायची तिला शपथ घातल्यासारखी सवय होती. गुरुप्रसाद इस्त्रीच्या कपड्यांत. अस्लम लंगडत, कॅमेऱ्यासकट. बायकांच्या रांगेत विमला, हातात कुणाचा तरी ब्लाऊज, काजं करत.

"होडेकर," मॅडम म्हणाल्या, "घरट्याची नोंद?"

यासीनभाई रिकामी दातरी असलेली वही घेऊन उभे राहिले. त्यांनी ती चाळली, मग पुन्हा पहिल्यापासून चाळली. गुरुप्रसादच्या चेहऱ्यावर पुन्हा दिव्याची माळ पेटायला लागली. आपांनी दाराकडे बघितलं. दारात कोणी नव्हतं.

"नसेल तर तसं लिहून घेते. दर्शना, लिहा..."

"आहे!"

खिडकीतून आवाज आला. बाबल्या खिडकीतून आत चढत होता, कारण दारात गर्दी होती आणि त्याला धीर एवढ्याच वेळापुरता आला होता. त्याने घडी घातलेलं पान मॅडमच्या टेबलावर ठेवलं आणि भिंतीला पाठ लावून उभा राहिला.

मॅडमनी वाचलं. "'१४ जून, सकाळी सहा दहा. नवरंगाची जोडी. करवंदीच्या जाळीत, दोन हात उंचीवर, काटक्या आणि गवताचं गोल घरटं. नर गांडूळ घेऊन आत गेला. आतून पिल्लांचा आवाज.' दातरी वहीला जुळते. अक्षर तेच. उत्तम." आणि सरकारी माणूस कुठलाही कागद जसा दोन्ही बाजूंनी वाचतो, तसं त्यांनी पान उलटलं आणि त्याच सुरात पुढे वाचलं. "'१५ जून, सकाळी सात. शिंपीण परसात शिवत होती. कोतवाल समोर गडग्यावर. अर्धा तास दोघंही गप्प. मग शिंपीण ओरडली. कोतवाल पळाला.'"

मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. दोनशे मुंडकी आधी बाबल्याकडे वळली, मग विमलाकडे, मग पुन्हा बाबल्याकडे.

यासीनभाई घाईने उठले. "अवो, तो पक्षी आहे! कोतवाल हा पक्षी..."

"हो ना, बाबल्या?" गुरुप्रसाद मिश्कील हसत म्हणाला. "पक्षीच ना?"

सुटायला वाट सरळ होती. बाबल्याने तोंड उघडलं. विमलाची सुई काजात अर्धी अडकून थांबली होती. ती वर बघत नव्हती.

"पक्षी असेल," बाबल्या म्हणाला. त्याने शर्ट पँटीतून ओढून बाहेर काढला. दोन टोकं मागे लोंबायला लागली. "पण गडग्यावरचा तो मी. तीन वर्षं मीच बसतोय. बटणं सैल नसतात, मी घरी कात्रीने सैल करतो. विमलाबाई, मला तुम्हाला विचारायचं होतं. रोज सातला विचारायचं असतं. रोज राहतं."

विमलाने ब्लाऊज खाली ठेवला आणि सावकाश उभी राहिली.

"मेल्या, तीन वर्षं! गावातला सगळा दोरा तुझ्या बटणांवर संपला. जरीचा पण लावला, म्हटलं आता तरी ह्याला कळेल!"

"मग?"

"मग काय! ओरडले तर पळून जायचं नाय, एवढंच. बाकी मला चालेल."

हॉल असा उसळला की एक पंखा बंद पडला. अस्लमने बटण दाबलं आणि चार महिन्यांत पहिल्यांदाच फोटोत जे हवं होतं तेच आलं. यासीनभाई डोळे पुसत होते आणि आपा त्यांना, रडतोस कसला, चष्मा काढून तरी रड, असं म्हणत होत्या.

मॅडमनी टेबल वाजवलं. "शांत! दर्शना, ठराव लिहा. करवंदीची जाळी तोडू नये. गाड्या लावायला दुसरी जागा बघावी. एकमताने?"

"एकमताने!" दोनशे माणसं ओरडली. गुरुप्रसादचाही हात वर होता, कारण एवढ्या गोंगाटात आपण कशाला हात वर करतोय ते त्याला कळलंच नव्हतं.

आपांनी दर्शनाच्या कानाशी वाकून काहीतरी सांगितलं. दर्शनाने शेवटपर्यंत सगळं लिहून काढलं, अक्षराचं वळण न सोडता, आणि वाचून दाखवायला उभी राहिली.

"ठराव एक. करवंदीच्या जाळीत नवरंग पक्ष्याचे घरटे असल्याने जाळी तोडू नये. एकमताने मंजूर. ठराव दोन. कोतवाल व शिंपीण यांना येत्या काळात घरटे करण्यास गावाची हरकत नाही. सूचक, श्रीमती कनीज होडेकर. अनुमोदक..." तिने मान वर केली. "अनुमोदक कोण?"

बायकांच्या रांगेतून विमलाने हात वर केला.

"मीच लिहा," ती म्हणाली. "दुसऱ्या कुणावर ठेवलं तर आणखी तीन वर्षं जातील."